खापरपणजोबा विल्सन आणि पैठणीवरचा टार्टन

पत्राचा गोषवारा : पत्र नाशिकच्या एका वाचक ताईंचं आहे, वय 56. वडील हिंदू, आई ख्रिस्ती, माहेरची विल्सन. आईकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेत, इगतपुरी आणि भुसावळला. ताईंचे खापरपणजोबा स्कॉटलंडहून इंजिनांचे फिटर म्हणून आले, असं घरात सांगतात. पुरावा म्हणून एक बायबल आहे. त्याच्या पहिल्या पानावर शाईनं ‘जे. विल्सन, किल्मारनॉक, 1866’ एवढंच लिहिलेलं. ताईंच्या मुलीचं लग्न येत्या उन्हाळ्यात एडिनबऱ्यात आहे. जावई स्कॉटिश, त्यांच्याकडचे सगळे पुरुष किल्ट, म्हणजे टार्टन या चौकड्यांच्या लोकरी कापडाचा घागऱ्यासारखा पेहराव, घालणार. विहीणबाईंनी फोनवर हौसेनं विचारलं, “तुमचं मूळ आमच्याकडचं आहे म्हणे, मग तुमचा टार्टन कोणता?” ताईंनी एका दुकानाच्या साइटवर आडनाव टाकलं, तर उत्तर आलं ‘क्लॅन गन’, म्हणजे गन नावाचं कूळ. सोबत ‘विल्सन घराण्याचं मानचिन्ह’ असलेली फ्रेमही विकायला होती. मामांचं म्हणणं, आपण विल्सन कॉलेजवाल्या विल्सनांचे वंशज. धाकटा भाऊ मात्र चिडलाय : “ज्या गोऱ्यानं आपल्या खापरपणजीचं नावसुद्धा मागे ठेवलं नाही, त्याचे चौकटे अंगावर मिरवणार का?” आई 83 वर्षांच्या आहेत, त्या काही बोलत नाहीत. ताई विचारतात : माझा खरा टार्टन कोणता, आणि तो घालायचा मला हक्क आहे का?

ताई,

हक्काचं आधी सांगून टाकते, म्हणजे तो घोर मिटेल. कोणी कोणता टार्टन घालावा याचा कायदा स्कॉटलंडमध्ये नाही. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यानं काढलेला बाल्मोरल टार्टन राजघराण्यापुरता राखलेला आहे. काही टार्टन एखाद्या कुटुंबानं किंवा संस्थेनं स्वतःसाठी नोंदवलेले असतात, तिथं विचारून घ्यायची रीत आहे. एवढे सोडले तर बाकी सारं मोकळं. आडनाव तपासणारा कोणी दारात उभा नसतो.

अडचण ‘खरा’ या शब्दात आहे. एका आडनावाला एक टार्टन आणि तो हजार वर्षांपासूनचा, असं आपण धरून चालतो. चौकड्यांचं कापड जुनंच आहे. ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीत सापडलेला एक तुकडा सोळाव्या शतकातला ठरला, तो 2023 मध्ये डंडीच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाला. पण कापड जुनं आणि त्याला आडनाव चिकटणं जुनं, या दोन वेगळ्या गोष्टी. पूर्वी विणकर आपल्या भागात मिळणाऱ्या रंगांत आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे विणायचा. कलोडनच्या लढाईच्या काळातलं डेव्हिड मोरिएचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यातल्या हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, सैनिकांच्या अंगावर एकाच माणसाच्या कपड्यांत दोन-दोन, तीन-तीन तऱ्हेचे चौकटे दिसतात. आपला कोण, परका कोण हे टोपीतल्या फितीवरून आणि खोचलेल्या झाडाच्या डहाळीवरून ओळखायचे.

1746 मध्ये कलोडनला, गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्लीच्या बंडखोरांचा पाडाव झाला. मग पार्लमेंटनं हायलँडमधल्या पुरुषांना आणि मुलांना तिथला पेहराव घालायला बंदी केली. सरकारी पलटणींना तेवढी सूट. बंदी 1782 मध्ये उठली, तोवर एक पिढी सरली होती. पुढे 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीनं क्लॅनच्या प्रमुखांना पत्रं धाडली, की आपापल्या टार्टनचा नमुना सहीशिक्क्यानिशी पाठवा. तेव्हा खुद्द लॉर्ड मॅकडोनाल्ड यांनी कळवलं की मॅकडोनाल्ड टार्टन नक्की कसा असतो ते मला ठाऊक नाही, तुम्हीच अस्सल नमुना मिळवून द्या! 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सगळा सोहळा बेतला. राजा स्वतः लाल टार्टनच्या किल्टमध्ये अवतरला, पायांत गुलाबी तंग मोजे. मग काय, ज्याला त्याला आपल्या नावाचा टार्टन हवा झाला. 1842 मध्ये दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली टार्टनचं एक भरजरी पुस्तक छापलं. हे दोघे स्वतःला राजपुत्र चार्लीचे नातू म्हणवत. हस्तलिखित बनावट निघालं, पण त्यातले कितीतरी टार्टन आजही त्या-त्या घराण्याचे म्हणून दिमाखात विकले जातात आणि नेसले जातात.

हे वाचून खट्टू होऊ नका. दोनशे वर्षं लोकांनी लग्नात, मयतीत, पलटणीत घातलेलं कापड आता त्यांचंच झालंय. माझा मुद्दा एवढाच की विहीणबाईंच्या घरचा टार्टनही कधीतरी कोणीतरी निवडलेलाच असणार. तुम्ही निवडलात तर त्यांच्यापेक्षा कमी खरा ठरत नाही.

आता ‘क्लॅन गन’. गन मंडळी केथनेस आणि सदरलंडची, म्हणजे स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाची. किल्मारनॉक एअरशरमध्ये, ग्लासगोच्या नैर्ऋत्येला, लोलँड म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागात. मध्ये सरळ रेषेत तीनशेएक किलोमीटरचं अंतर. मग विल्सन गनमध्ये कसे? एकोणिसाव्या शतकात पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि कापड विकणाऱ्यांनी आडनावांच्या याद्या केल्या आणि प्रत्येक आडनाव कुठल्या ना कुठल्या क्लॅनच्या दावणीला बांधलं. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जायला नको! केथनेसमधले काही विल्सन गन घराण्याचे असतीलही. पण विल म्हणजे विल्यम, त्याचा मुलगा विल्सन, आणि विल्यम गावोगावी होते. सगळे जाधव एका घरातले नसतात, तसंच हे. शिवाय लोलँडमधल्या बहुतेक कुटुंबांना क्लॅन ही भानगडच नव्हती.

मामांचा दावाही याच कारणासाठी बाजूला ठेवा. रेव्हरंड जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले हे खरं, पण ते लॉडरचे, म्हणजे इंग्लंडच्या सीमेजवळच्या भागातले. किल्मारनॉकच्या फिटरशी त्यांचं नातं असेल तर ते कागदांनी दाखवावं लागेल. मानचिन्हाची फ्रेम तर मुळीच घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. त्यावर देखरेख ठेवणारं लॉर्ड लायनचं न्यायालय एडिनबऱ्यात आहे, आणि दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं तिथं गुन्हा ठरतो. लग्न त्याच गावात आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

म्हणजे दुकानानं दिलेलं उत्तर गेलं, मामांचंही गेलं. हातात राहिलं ते बायबलचं पान. आणि ते पान या सगळ्यांपेक्षा मोलाचं आहे, कारण त्यावर गावाचं नाव आहे. नुसता ‘विल्सन, स्कॉटलंड’ असता तर मी तुम्हाला नाद सोडा म्हटलं असतं. किल्मारनॉकमध्ये त्या काळी रेल्वेइंजिनांचे कारखाने होते, तेव्हा तिथला फिटर इथल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत येणं पटण्यासारखं आहे. (जॉनी वॉकरचं पहिलं दुकानही त्याच गावातलं, 1820 चं. लग्नात व्याह्यांशी बोलायला विषय लागला तर हाच काढा.)

पण सुरुवात किल्मारनॉकपासून करू नका. रेल्वेगावांतून अशी पत्रं मला येतात, भुसावळ, दौंड, नागपूर, आणि बहुतेक जण हीच उडी मारतात. आधी परदेशी साइटवर पैसे भरतात, समोर जेम्स विल्सन नावाची माणसं रांगेनं येतात, त्यातला एक आवडतो आणि तोच आपला ठरतो. तुमच्याकडे तर ‘जे.’ एवढंच आहे. जेम्स, जॉन, जोसेफ, काहीही असू शकेल. बायबल सेकंडहँड घेतलेलं असण्याचीही शक्यता धरा.

आईपासून मागे चला. त्यांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला, त्यांच्या वडिलांचं लग्न कुठं झालं, आजोबा कुठं पुरले. चर्च कोणत्या पंथाचं होतं हेही विचारा, कारण त्यावर नोंदींच्या वह्या कुठं शोधायच्या ते ठरतं. स्कॉटिश चर्चची इथली बरीच मंडळं आधी संयुक्त चर्चमध्ये आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, त्यामुळे जुन्या वह्या आज सीएनआयच्या पाद्र्यांकडे असू शकतात. कॅथलिक असाल तर त्या-त्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या विभागात. पाद्र्यांना पत्र लिहून जा, नाव आणि अंदाजे साल घेऊन जा, आणि वही स्वतः चाळायचा हट्ट धरू नका.

इथल्या वह्या वाळवीनं खाल्ल्या असल्या तरी एक वाट उरते. ब्रिटिश काळात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, आणि ‘फाइंडमायपास्ट’ या वर्गणीच्या साइटवर त्यांची पानं पाहता येतात. त्याआधी फिबिस, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था, तिची सूची फुकट चाळा. सगळ्यांच्या सगळ्या नोंदी लंडनला पोचल्या असं नाही. नाही सापडलं म्हणजे घडलंच नाही, असं समजू नका.

तुम्हाला हवी असलेली नोंद एकच, खापरपणजोबांच्या लग्नाची. दफनाच्या नोंदीत वय आणि हुद्दा मिळतो, आईबाप मिळत नाहीत. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या वडिलांचं नाव असतं, आणि ते हाती आलं की विल्सनांच्या गर्दीतून तुमचा विल्सन वेगळा काढता येतो. मग जा ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी साइटवर. तिथं क्रेडिट विकत घेऊन पानापानाला पैसे मोजावे लागतात, म्हणून भुकेल्यासारखं क्लिक करत सुटू नका. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जानेवारी 1855 पासून सुरू झाली. 1866 मध्ये बायबलवर नाव घालणारा माणूस त्याआधीच जन्मलेला असणार, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा जुन्या पॅरिशच्या वहीत शोधावा लागेल, आणि त्या वह्यांत सगळे नसतात. पण 1851 आणि 1861 च्या जनगणनेत तो आईबापांच्या घरात सापडू शकेल, भावंडांसकट, बापाच्या धंद्यासकट. आणि आईबाप 1855 नंतर वारले असतील तर त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत त्यांच्याही आईबापांची नावं असतात. एका कागदानं एक पिढी मागे!

मुलांच्या नावांकडेही लक्ष ठेवा. स्कॉटिश घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची चाल होती. पणजोबा थोरले होते की धाकटे, हे आईंना ठाऊक असेल तर त्यांच्या नावावरून खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावाचा अंदाज बांधता येईल. अंदाजच, पुरावा नव्हे.

इगतपुरीच्या किंवा भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जायचं तर पावसाळ्याआधी जा, नंतर गवत कमरेएवढं होतं. दगड नुसत्या पाण्यानं पुसा. खडू घासू नका, ॲसिड तर नकोच. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढलात तर झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भाचेमंडळींपैकी कोणीतरी सुचवेलच. खापरपणजोबा हे तुमच्या त्या पिढीतल्या 16 पूर्वजांपैकी एक. त्यांच्याकडून तुमच्यात आलेला वाटा सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. ‘स्कॉटलंड अमुक टक्के’ असा निकाल आला तरी त्यातून किल्मारनॉक कळणार नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा तपासायचा असेल तर विल्सन आडनाव चालवणारा मामा किंवा मामेभाऊ लागेल, तुम्ही किंवा तुमचा भाऊ चालणार नाही. आणि अशा चाचणीतून न सांगितलेली नातीही वर येतात, तेव्हा आईंना विचारल्याशिवाय कोणी नळीत थुंकू नये. याच कागदांवर ब्रिटनचा वंशाधारित व्हिसा मिळेल का, असंही कोणीतरी विचारेल. नाही. त्यासाठी आजी किंवा आजोबा तिकडचे लागतात.

आता तुमचा भाऊ. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. स्कॉटिश कागदांत बाईचं माहेरचं आडनाव शेवटपर्यंत टिकतं. लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदीत ते असतंच, थडग्यांवरही पुष्कळदा असतं. म्हणजे किल्मारनॉकला कधी न परतलेल्या फिटरच्या आईचं माहेर तुम्हाला सापडेल, आणि इगतपुरीत संसार केलेल्या तुमच्या खापरपणजीच्या जागी ‘मेरी’ एवढंच दिसेल, किंवा तेही नसेल. तिची जात, गाव, भाषा काहीच न लिहिता नुसतं बाप्तिस्म्याचं नाव लिहून मोकळं होण्याची पद्धत होती. त्यांचं रीतसर लग्न झालं होतं का, हाही प्रश्न निघेल. आईंच्या गप्प राहण्यामागे कदाचित तोच असेल. त्या विल्सन नावाबद्दल गप्प आहेत असं तुम्ही धरलंय. मला वाटतं, त्या या खापरपणजीबद्दल गप्प असाव्यात. हे मी दुरून म्हणते आहे, खात्री तुम्ही करा.

म्हणून भावाला विरोधक ठरवण्याऐवजी शोधातली ही बाजू त्याच्या हाती द्या. ‘मेरी’ कोण होती हे शोधणं किल्मारनॉक शोधण्यापेक्षा कठीण आहे, आणि ते मराठीतच होईल. लग्नाला साक्षीदार कोण होते, मुलांचे धर्ममायबाप कोण, घरात स्वयंपाक कसला व्हायचा, आजीच्या तोंडी कुठल्या म्हणी होत्या, देवदर्शनाला कोणी गुपचूप जायचं का. साक्षीदारांच्या सहीतून तिच्या माहेरची माणसं अचानक पुढे येतात. आईंशी बोलताना वही-पेन काढू नका, फोटोंचा डबा काढा. एका वेळी एकच फोटो. त्या थांबल्या की तुम्हीही थांबा. त्यांनी “नको” म्हटलं तर तेवढा भाग लग्नानंतरही राहू द्या.

उरला टार्टन. लग्नापर्यंत कागद सापडोत न सापडोत, कापड तुम्ही निवडू शकता. तुमच्या जागी मी असते तर एअरशरचा घेतला असता. स्कॉटलंडमध्ये आडनावांप्रमाणे भागांचेही टार्टन आहेत, आणि तुमच्याकडे त्यातल्या त्यात भरवशाचा धागा गावाचाच आहे. विल्सन नावाचेही टार्टन आहेत, आणि त्यात एक गंमत आहे. स्टर्लिंगजवळच्या बॅनकबर्नला विल्सन नावाचीच विणकर पेढी होती. पलटणींना कापड पुरवणारी, 1819 मध्ये नमुन्यांची वही तयार करणारी. आज नावानिशी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ टार्टनांचा उगम त्यांच्या मागावर आहे. तुमच्याशी त्यांचं नातं असल्याचं काही दिसत नाही, पण आडनावाच्या हौसेसाठी तो घेतलात तर कोणाला खुपणार नाही. ब्लॅक वॉच हा पलटणीचा टार्टन तर कोणालाही चालतो. गन मात्र मी वगळला असता, कारण कोणी विचारलं तर सांगायला तुमच्याकडे काही नाही. जावयाच्या घरचा टार्टन मुलीला मिळेलच. तुम्हीही तोच घ्यावा असं त्यांनी सुचवलं तर तो मान समजा, सक्ती नव्हे.

स्वतःचा नवा टार्टन काढायचाही मार्ग आहे. 2009 पासून एडिनबऱ्यात सरकारी टार्टन नोंदवही चालू आहे, तिथं कोणीही नमुना नोंदवू शकतं, शुल्क साधारण 70 पौंड. नमुना रंग आणि धाग्यांच्या आकड्यांत लिहितात, म्हणजे निळे 24, काळे 4, हिरवे 20 असं, आणि शेवटच्या पट्टीवरून उलटं परत. स्कॉटलंडमधल्या शीख आणि ज्यू मंडळींनीही आपापले टार्टन करून घेतलेत. पण विणून घ्यायचा तर खर्च नोंदणीच्या कितीतरी पट, आणि उन्हाळ्यापर्यंत ते जमवणं धावपळीचं. ही हौस नातवंडांच्या वेळेला ठेवा. नोंदवही चाळणं मात्र फुकट आहे. दुकानदार जे नाव सांगेल ते तिथं काढून बघा, तो टार्टन कधीचा आणि कोणी केलेला हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

ऑर्डर देताना शेडचा घोळ होतो. एकाच टार्टनवर ‘एन्शंट’, ‘मॉडर्न’, ‘वेदर्ड’ असे शब्द दिसतील. एन्शंट म्हणजे जुना नव्हे, फिका. मॉडर्न म्हणजे गडद. वेदर्ड म्हणजे मातकट. चौकटे तेच, रंगांची छटा वेगळी. मोबाइलच्या पडद्यावर ठरवू नका, कापडाचा तुकडा मागवा आणि पैठणीच्या पदरावर दिवसाउजेडी ठेवून बघा.

पुरा किल्ट, आठ वार लोकरीचा, तुम्हाला नकोच आहे. बायका खांद्यावर सॅश, म्हणजे टार्टनचा लांब पट्टा, घेतात, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ती उजव्या खांद्यावर पिन करतात. डावा खांदा क्लॅनप्रमुखांच्या आणि कर्नलांच्या बायकांसाठी. आपला पदर डाव्या खांद्यावर, तेव्हा दोघांची गाठ पडत नाही. सॅश रेशमी किंवा अगदी पातळ लोकरीची घ्या, जाड लोकर पैठणीवरून घसरते आणि तिचे केस जरीला चिकटतात. ब्रोच लावताना ब्लाऊजला आतून अस्तराचा दुहेरी तुकडा टाचून घ्या आणि पिन त्यातून काढा, नुसत्या रेशमात भोक पडतं.